कारंज्याचा काटा आणि मुंबईचा वायदा
आवक, उलाढाल आणि उभे सौदे यांच्या वाचनाचा एक वऱ्हाडी इतिहास

भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ साली कारंज्यात स्थापन झाली. कृषिपणनाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे वाक्य येते आणि पुढच्या ओळीत विषय बदलतो. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे सोपवलेला मुलूख होता आणि त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने चाले. कारंजा मूर्तिजापूर तालुक्यात होते. आज ते वाशीम जिल्ह्यात आहे. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आणि जैन भट्टारकांच्या गाद्या यांमुळे हे गाव पूर्वीपासून परिचित होते. रेसिडेन्सीच्या आदेशाने कापूस बाजाराच्या इतिहासातही त्याची नोंद झाली.

त्या आदेशाने नेमके काय बदलले, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. कापूस त्याआधीही विकला जात होता, अडत्ये होते, दलाल होते. रुमालाखाली बोटे दाबून ठरणारे सौदे होते. वजनात कडता कापला जाई, धर्मादायाच्या नावाने आणखी काही जाई. शेतकऱ्याच्या हातात काय पडले हे त्याला कळे. पण त्या दिवशी गावात एकूण किती कापूस आला आणि तो कोणत्या भावाने गेला हे त्याला कळण्याची सोय नव्हती. नियंत्रित बाजार म्हणजे ठरलेली जागा, तपासलेला काटा, ठरलेली आडत आणि नोंद. यांपैकी नोंद ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आज ज्याला बाजाराची भाषा ‘व्हॉल्यूम’ म्हणते, तो आकडा वऱ्हाडात सार्वजनिक होण्याची सुरुवात या नोंदीपासून झाली. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे : आवक.

अर्थात हे शेतकऱ्याच्या कळवळ्यातून झाले असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध, भेसळ नसलेला कापूस वाजवी भावात हवा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याखालच्या समित्यांवर वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले. तरीही पुढे १९२७ चा मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आणि १९२८ चा शेतीविषयक रॉयल कमिशनचा अहवाल या दोन्ही टप्प्यांवर वऱ्हाडचा अनुभव नमुना म्हणून पुढे होता. आजच्या बाजार समित्यांची वंशावळ अशी वऱ्हाडापर्यंत पोचते.

दुसरा आकडा

कारंज्यात काटा बसला तेव्हा मुंबईत दुसऱ्याच प्रकारचा आकडा अकरा वर्षांचा झाला होता. १८७५ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी शेअर दलालांची संघटना औपचारिकरीत्या स्थापन झाली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. आणि त्याच वर्षी बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन झाली, जिथून भारतातील संघटित वायदेबाजाराचा इतिहास सुरू होतो. शेअर आणि वायदा ही दोन भावंडे एकाच वर्षी, एकाच शहरात जन्मली.

पाळण्यापूर्वीची कहाणी दोघांची एकच आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले. बॅक बे भरणी कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या घरात गेला. या सौद्यांतले पुष्कळसे मुदतीचे होते : शेअर आज द्यायचा नाही, पैसे आज मोजायचे नाहीत, १ जुलै १८६५ ला हिशेब करायचा. एप्रिलमध्ये जनरल ली शरण आल्याची बातमी मुंबईला पोचली, कापूस कोसळला आणि १ जुलै उजाडला तेव्हा पैसे द्यायला माणसे उरली नव्हती. दिनशा वाच्छांनी पुढे १९१० मध्ये या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

वाचकाने इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या काळात मुंबईत व्यवहार प्रचंड होत होते. आजच्यासारखा आलेख असता तर त्यावर उलाढालीचे मनोरे उभे राहिलेले दिसले असते आणि ‘भाव वाढतो आहे, सोबत उलाढालही वाढते आहे, म्हणजे तेजी सशक्त आहे’ असा निष्कर्ष कोणीही काढला असता. पण त्या उलाढालीत रोख पैसे मोजून घेतलेला शेअर किती आणि नुसता शब्द किती, हे सांगणारा आकडा कोणाकडे नव्हता. जवळ नसलेला शेअरही मुदतीवर विकता येत होता. न फिटलेल्या वचनांचा डोंगर केवढा आहे, हे १ जुलैलाच कळले.

लिव्हरपूलच्या दलालांना या अडचणीची जाण होती. त्यांच्या साप्ताहिक पत्रकांत कापसाची विक्री नुसती एका आकड्यात देत नसत. गिरण्यांनी वापरासाठी किती गाठी घेतल्या, निर्यातीसाठी किती गेल्या आणि सट्ट्यापोटी किती विकल्या गेल्या, असे वेगळे रकाने असत. माझ्या मते उलाढालीचा आकडा फोडून वाचण्याचा हा एक जुना आणि शहाणा प्रयत्न आहे. व्यवहार किती झाला यापेक्षा तो कोणी आणि कशासाठी केला, हे त्यांना कळायला हवे होते.

क्विंटल, शेअर आणि करार

आता थोडे थांबून तीन वस्तूंचा स्वभाव पाहू, कारण सारा गोंधळ तिथेच आहे.

शेतकऱ्याचा एक क्विंटल माल बाजार समितीच्या काट्यावर साधारणपणे एकदाच चढतो. हर्रास होतो, तोलाई होते, पट्टी बनते आणि माल गिरणीकडे जातो. उद्याच्या आवकेत तो पुन्हा येत नाही. म्हणून आवक हा आकडा वजनाचा आहे आणि तिला तळ आहे : यंदाचे पीक आणि मागची शिल्लक यांहून फार जास्त आवक वर्षभरात होऊ शकत नाही.

शेअरचे तसे नाही. कंपनीचे एकूण शेअर ठरलेले असतात, पण तोच शेअर एका दिवसात दहा हातांतून फिरू शकतो. त्याची उलाढाल ही हस्तांतराची मोजणी आहे. म्हणूनच आपले शेअर बाजार एकूण उलाढालीबरोबर ‘डिलिव्हरी’ची संख्याही वेगळी देतात, म्हणजे फिरलेल्या शेअरांपैकी किती शेअर खरोखर कोणाच्या खात्यात जाऊन बसले.

वायद्याचा करार याहून निराळा. त्याची संख्या ठरलेलीच नसते. एकाने विकतो म्हटले, दुसऱ्याने घेतो म्हटले की करार जन्मतो. दोघांनी उलटे व्यवहार केले की तो नाहीसा होतो. एक साधे काल्पनिक उदाहरण घेऊ. शेतकऱ्यांच्या एका गटाने सोयाबीनचे १० करार एका सटोडियाला विकले. दुसऱ्या दिवशी सटोडियाने ते १० करार तेलगिरणीला विकले. तिसऱ्या दिवशी गटाने विचार बदलून तेवढेच १० करार गिरणीकडून परत घेतले. तीन दिवसांची उलाढाल झाली ३० करारांची. एक करार १० टनांचा धरला तर ३०० टनांचा व्यवहार कागदावर दिसेल. प्रत्यक्षात गोदामातून एक दाणा हलला नाही आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकही करार शिल्लक नाही.

ही शिल्लक मोजणारा आकडा म्हणजे ‘ओपन इंटरेस्ट’. त्याला मी उभे सौदे म्हणतो. वरच्या उदाहरणात तो पहिल्या दिवशी १०, दुसऱ्या दिवशीही १० आणि तिसऱ्या दिवशी शून्य आहे. उलाढाल तिन्ही दिवस सारखीच, पण अर्थ तिन्ही दिवस वेगळा. पहिल्या दिवशी नवे वचन दिले गेले, दुसऱ्या दिवशी ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, तिसऱ्या दिवशी फिटले. भाव वाढताना उभे सौदेही वाढत असतील तर नवी मंडळी नवा पैसा घेऊन येत आहेत. भाव वाढतो आहे पण उभे सौदे घटत आहेत, तर आधी विकून बसलेले लोक घाईने सौदे कापत आहेत. त्यांची घाई संपली की तेजीचा जोरही ओसरू शकतो. शेअरच्या उलाढालीत हा भेद पाहण्याची सोय नाही.

उलाढालीवर आधारलेली मापे मुळात शेअरसाठी घडली. जोसेफ ग्रॅनव्हिल या अमेरिकन लेखकाने १९६३ मध्ये आपले ‘ऑन बॅलन्स व्हॉल्यूम’ मांडले. कृती सोपी आहे : भाव चढला त्या दिवसाची उलाढाल मिळवायची, उतरला त्या दिवसाची वजा करायची आणि बेरीज पुढे न्यायची. शेअरवर यातून काही बोध होऊ शकतो, कारण शेअरला मुदत नसते. वायद्याला असते. मुदत जवळ आली की त्या महिन्याची उलाढाल आटते आणि पुढच्या महिन्याची फुगते. एखाद्याने आपला सौदा या महिन्यातून काढून पुढच्या महिन्यात नेला, तर दोन्हीकडे उलाढाल दिसते. त्याचे मत मात्र तसूभरही बदललेले नसते. म्हणून वायद्यात एकाच महिन्याच्या उलाढालीवर असली मापे लावली की ती कॅलेंडर मोजतात आणि वाचणाऱ्याला वाटते की बाजाराची नाडी मोजली. सर्व महिन्यांची बेरीज आणि सोबत उभे सौदे, एवढी तरी काळजी घ्यावी लागते.

माल नसलेले भाव

वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या व्यापारात ‘उमरा’ म्हणत. हे नाव उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही ठाणी मुंबईला जोडली गेली. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला आली. पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद लोहमार्गाची गाडी, आपली शकुंतला, कारंज्यावरून धावू लागली. माल रुळावरून जाई आणि भाव तारेवरून येई. लिव्हरपूलचा भाव मुंबईत, मुंबईचा वऱ्हाडात. परंतु तारेने भाव येत असे, त्यामागची उलाढाल कशाची होती हे येत नसे.

पहिल्या महायुद्धात मुंबईचा कापूस वायदा इतका बेफाम झाला की १९१८ मध्ये सरकारला हात घालावा लागला. आधी समिती, मग मंडळ, आणि अखेर १९२२ च्या मुंबई कायद्याने ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनकडे कारभार गेला. त्या काळच्या कागदांत ‘कच्ची खंडी’ असा शब्द भेटतो. खंडी हे कापसाचे माप, ७८४ पौंडांचे. कच्ची खंडी मात्र कधी काट्यावर चढत नसे. माल द्यायचाच नाही, नुसता भावातला फरक घ्यायचा-द्यायचा, असा तो सौदा. वजनाचे नाव तेवढे उरले होते.

हा प्रवास पुढे मटक्यापर्यंत गेला हे मराठी वाचकाला सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव मुंबईत येई आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे बंद झाले, तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा तयार केला. कापूस गेला, न्यूयॉर्क गेले, आकडा राहिला.

कायद्यालाही ही रेघ कुठे ओढावी हा प्रश्न पडला होता. १८६५ च्या मुंबई कायद्याने आणि १८७२ च्या करार कायद्याने पैजेचे करार रद्दबातल ठरवले, पण पैज कोणती आणि व्यापार कोणता हे न्यायालयांना दर खटल्यात शोधावे लागे. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वायदा करार कायद्याने मोजपट्टीच लावली : ११ दिवसांच्या आत माल आणि पैसे दिले तर तो हजर सौदा, त्यापलीकडे वायदा. साठच्या दशकाच्या मध्यावर कापसासह बहुतेक मोठ्या शेतमालांचे वायदे बंद झाले.

महाराष्ट्राने त्यापुढचे पाऊल उचलले. १९७२-७३ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि सुमारे तीन दशके शेतकऱ्याला आपला कापूस पणन महासंघालाच द्यायचा होता. या काळातली आवक वाचताना विशेष सावध राहावे लागते. शेजारच्या राज्यांत भाव चढे असला की कापूस रात्रीतून सीमा ओलांडे. इथला हमीभाव वरचढ असला की उलट दिशेने येई. खरेदी केंद्रावरचा आकडा पीक किती आले यापेक्षा दोन भावांतले अंतर सांगत होता. काटा खरा होता, वजन खरे होते, तरी आकड्याचा अर्थ बदलला होता.

सोयाबीनचा जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. पुन्हा म्हणायचे कारण, १९०५ पर्यंत ‘बासिम’ हा वऱ्हाडातला वेगळा जिल्हा होताच. नव्या जिल्ह्याच्या शिवारात कापसाची जागा हळूहळू सोयाबीनने घेतली होती. डिसेंबर २००३ मध्ये एनसीडीईएक्स हा राष्ट्रीय वायदेबाजार सुरू झाला आणि इंदूरच्या आधारावरचा सोयाबीनचा वायदा रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरच्या अडत्यांच्या बोलण्यात आला. वऱ्हाडी माणसाला हा अनुभव नवा नव्हता. लिव्हरपूलच्या जागी इंदूर आले आणि तारेच्या जागी मोबाइल.

वाशीमच्या यार्डात आवक कशी वाचावी, हे शेअरवाल्या पुस्तकात सापडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पोत्यांची थप्पी लागते आणि भाव पडतो. शेअरच्या व्याकरणाने पाहिले तर ‘मोठ्या उलाढालीसह घसरण, म्हणजे मालावरचा विश्वास उडाला’. खरे कारण असे असते की दिवाळी तोंडावर आहे, हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे आहे, कृषी केंद्राची उधारी आहे, पीककर्जाचा हप्ता आहे. आवक इथे शेतकऱ्याच्या मताबद्दल फारसे सांगत नाही, त्याच्या निकडीबद्दल सांगते. आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी मुहूर्ताच्या चार पोत्यांना हारतुऱ्यांसह जो भाव मिळतो, तो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकतो. त्या भावामागे आवक चार पोत्यांचीच असते.

२०२१ साल याचा मोठा धडा आहे. ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या पलीकडे गेले. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,९५०. पण त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात बियाण्यापुरतेही सोयाबीन उरले नव्हते. आवक नगण्य होती. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला वाट दिली. नवा माल यार्डात आला तेव्हा ऑक्टोबरात भाव ५ हजारांच्या आसपास होता. ज्याने ऑगस्टचा भाव आवकेशिवाय वाचला, त्याने सोयाबीनवर भलतेच हिशेब मांडले. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि त्या बंदीला पुढे मुदतवाढ मिळत राहिली.

बंदीने सट्टा थांबला असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकतो. १८६५ आणि १९१८ ही वर्षे ज्याने वाचली आहेत, तो वायद्याचा भाबडा कैवार घेणार नाही. परंतु बंदीबरोबर पुढल्या महिन्याचा जाहीर भाव गेला, आणि उभ्या सौद्यांचा आकडाही गेला. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना यार्डात त्याखाली सोयाबीन विकले गेले. माल आत्ता विकावा की चार महिने ठेवावा, हे ठरवायला शेतकऱ्यापाशी आजची आवक आणि आजचा भाव एवढेच उरले. गिरणीवाल्यापाशी मात्र शिकागोचा वायदा, मलेशियाचे पामतेल आणि आयातीचे करार यांची माहिती असते. १८८६ पूर्वीच्या रुमालाखालच्या सौद्यात हेच होते : एका बाजूला सगळे आकडे आणि दुसऱ्या बाजूला फक्त स्वतःची गाडी.

याच जिल्ह्यातली तरुण मुले आता मोबाइलवर शेअरचे फ्युचर्स आणि ऑप्शन्स खेळतात. सोयाबीनचा वायदा २०२१ मध्ये थांबला, शेअरचा चालू राहिला. शेअरचे फ्युचर्स भारतात २००१ च्या नोव्हेंबरात आले, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जुना बदला बंद झाल्यावर. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी दर १०० पैकी ९३ तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. पडद्यावर भावाखाली हिरव्या-तांबड्या काड्या उभ्या असतात. शेअरखाली असोत, वायद्याखाली असोत, त्या सारख्याच दिसतात. तोटा केवळ त्यांच्या चुकीच्या वाचनाने होतो असे मी म्हणणार नाही. कर्जाऊ ताकदीवर मोठा सौदा घेणे, खर्च, दलाली, घाई अशी कारणे पुष्कळ आहेत. पण आपण कशाची मोजणी पाहतो आहोत हे ठाऊक नसणे, हे त्यांतले एक आहे आणि ते दूर करता येण्यासारखे आहे.

दीडशे वर्षांच्या या इतिहासातून एवढाच व्यवहार हाती लागतो. बाजाराचा कोणताही मोठा आकडा समोर आला की तो वजनाचा आहे, हस्तांतराचा आहे की वचनाचा, हे आधी विचारावे. वजनाचा असेल तर हंगाम आणि विकणाऱ्याची निकड पाहावी. हस्तांतराचा असेल तर त्यातले प्रत्यक्ष घरी गेले किती ते पाहावे. वचनाचा असेल तर मुदत कधीची आणि उभे सौदे किती ते पाहावे. हे विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. वाशीमच्या यार्डातला मापारी पहिला प्रश्न रोज विचारतो. आपल्या बाजार समित्या आवकेचा आकडा रोज जाहीर करतात. त्याच्या शेजारी गोदामांत शिल्लक किती आणि आयात किती ठरली आहे, हे दोन आकडे मराठीत, फळ्यावर, हर्रास सुरू होण्याआधी लिहिले गेले, तर १८८६ मध्ये कारंज्यात सुरू झालेले काम पुढे सरकेल.